अठरा पेट्या

मागच्या दारापाशी दोन गाड्या उभ्या होत्या आणि दोन्हींवर लाकडी पेट्या रचलेल्या होत्या.

मी थांबले. एप्रिलची दुपार होती. औरंगाबादच्या विमानतळावरचं काँक्रीट इतकं तापलं होतं की बुटांच्या तळव्यांतून चटके बसत होते. उड्डाणाआधी दोघा पायलटांपैकी एकाला खाली उतरून विमानाभोवती चक्कर मारावी लागते. चाकं, पंख, इंजिनं बघायची, कुठे गळती नाही ना, कुठे पोचा आलेला नाही ना. ती चक्कर मी मारत होते. पेट्यांशी माझा काही संबंध नव्हता.

म्हणजे, नसायला हवा होता.

प्रवाशांच्या पायांखाली, विमानाच्या पोटात, सामान ठेवायच्या दोन जागा असतात. एक पुढे, एक मागे. त्यांना होल्ड म्हणतात. कुठल्या होल्डमध्ये किती वजन जाणार ते आधी कागदावर ठरतं, आणि त्या कागदावरून पायलट ठरवतो की नाक उचलायला विमानाला किती जोर लागेल. मागे जास्त वजन गेलं आणि पायलटला ते ठाऊक नसलं, तर धावपट्टीवर नाक वेळेआधी उठतं. कागदावर अठरा पेट्या होत्या, वाळूजच्या कारखान्यातून निघालेले मोटारींचे सुटे भाग, एकेक पेटी ऐंशी किलोची. सगळ्या पुढच्या होल्डमध्ये, असं लिहिलेलं मी खाली उतरताना वाचलं होतं.

आणि इथे त्या मागच्या दारापाशी होत्या.

आसपास विचारायला कुणी जबाबदार माणूस दिसेना. पंखाच्या सावलीत तीन हमाल बसले होते. मी एक पाऊल त्यांच्याकडे टाकलं आणि मागे घेतलं. आधीच्या ट्रेनिंग कॅप्टनचा शेरा मला तोंडपाठ होता: ‘विमान चांगलं हाताळतात. निर्णय घेताना अडखळतात. जुन्या नोकरीतून अजून बाहेर आलेल्या नाहीत.’

माझी जुनी नोकरी म्हणजे हाच कागद तयार करायचा. चौदा वर्षं नागपूरच्या विमानतळावर एका कंपनीत मी विमानांची वजनं मांडत होते. मी वजन मांडलेली हजारो विमानं खिडकीतून उडताना पाहिली, आणि सदतिसाव्या वर्षी नवऱ्याला म्हटलं, “मला ते उडवायचंय.” प्रफुल्ल कॉलेजात शिकवतो. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “नक्की?” मी हो म्हटलं. पुढची सहा वर्षं त्या एका शब्दावर गेली. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींबरोबर वर्गात बसले. लायसन्स हातात आल्यावर दोन वर्षं नोकरीची वाट पाहिली. त्रेचाळिसाव्या वर्षी, प्रवाशांना घेऊन उडायचं प्रशिक्षण चालू असताना, इतर सगळे ठरल्या फेऱ्यांत मोकळे झाले आणि मला बारा फेऱ्या वाढवून मिळाल्या. ही त्यातली शेवटची. औरंगाबादहून दिल्ली. आज कॅप्टनने सही केली तर अंतिम परीक्षा. नाही केली तर समितीसमोर जायचं, आणि त्या वयात समितीसमोर गेलेलं माणूस परत आल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

मी शेपटीला वळसा घालून डाव्या बाजूने पुढे गेले आणि जिना चढले.

कॉकपिटमध्ये कॅप्टन शार्दूल मोहिते आकडे भरत होते. वय बत्तीस, गाव कराडकडचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सरळ विचारलं होतं, “मी तुम्हाला काय म्हणू? सगळ्यांना मी नावाने हाक मारतो, पण ‘हेमांगी’ माझ्या तोंडातून निघत नाहीये.” मग त्यांनीच ‘मॅडम’ ठरवलं. मी त्यांना ‘सर’ म्हणायची. आमच्यात ते दोन्ही शब्द थोडे अवघडूनच वावरायचे.

“खाली सगळं ठीक?” त्यांनी विचारलं.

“ठीक, सर.”

हे मी म्हटलं. तीन शब्दही नाहीत, दोनच. आजही ते मला ऐकू येतात.

पट्टा बांधला. हात आपापलं काम करत होते, बटणं, पडदे, आकडे. डोकं मात्र त्या दोन गाड्यांपाशी होतं. पेट्या मागे चढवल्या असतील का? की गाड्या पुढे नेल्या असतील? कॉकपिटमधून काहीच दिसत नाही. फक्त समोरची इमारत, आणि तिच्यावर थरथरणारी उन्हाची झळ.

सामानाचा सुपरवायझर फारूक अंतिम कागद घेऊन आला. चोवीस-पंचवीसचा असेल, शर्ट पाठीला चिकटलेला. कागदावर त्याची सही होती.

मी मान वळवून हळूच विचारलं, “पेट्या पुढेच गेल्या ना?”

“पेपरप्रमाणेच आहे, मॅडम,” तो म्हणाला. नजर घड्याळावर होती. म्हणाला आणि गेलासुद्धा.

ते वाक्य मला ठाऊक होतं. त्या सुरासकट ठाऊक होतं.

दार बंद झाल्याचा दिवा लागला. दिल्लीत गर्दी असल्यामुळे आम्हाला ठरावीक वेळ दिलेली होती. त्या वेळेत उडालो नाही तर पुढची वेळ कधी मिळेल याचा नेम नव्हता. कॅप्टननी परवानगी मागितली, मिळाली. विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर जोडलेला होता. खालून आवाज आला, ब्रेक सोडा.

कॅप्टनचा हात ब्रेककडे गेला.

“सर, थांबा.”

हात थांबला. “काय झालं?”

“होल्ड उघडून बघायला हवेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, जणू मी परक्या भाषेत काहीतरी बोलले होते. “का?”

“पेट्या पुढे असायला हव्यात. मी चक्कर मारताना त्या मागच्या दारापाशी होत्या.”

“केव्हा?”

“वीस मिनिटं झाली असतील.”

“वीस मिनिटं.” त्यांनी फारूकचा कागद पुढे ओढला. “फारूकने सही केलीये. तुम्ही माझ्यासमोर त्याला विचारलंत, तो हो म्हणाला. तुम्हाला खात्री आहे की पेट्या मागे आहेत?”

इथे खोटं बोलायचा मोह मला झाला. खात्री आहे म्हटलं असतं तर निदान माझ्या थांबवण्याला काही वजन आलं असतं.

“नाही, सर. खात्री नाही. शंका आहे.”

खालचा माणूस पुन्हा विचारत होता, ब्रेक सोडताय का. कॅप्टननी त्याला थांबायला सांगितलं. मग समोर बघत मला म्हणाले, “तुम्ही हे बोललात त्यानंतर मला जाता येत नाही. कळतंय ना तुम्हाला? आता आपली वेळ गेली.”

“कळतंय, सर.”

“मग खाली जा. तुम्हीच जा आणि तुम्हीच मोजा.”

दार पुन्हा उघडलं, जिना पुन्हा लागला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मोठ्याने विचारलं, “आता काय राहिलं?” माझ्या मागे कॅप्टनचा आवाज सुरू झाला, थोडा उशीर होत आहे, क्षमस्व. मी उतरत होते आणि एकशे सत्तर माणसं माझ्या पाठीकडे बघत होती.

फारूक धावत आला. “मॅडम, काय झालं? मी सांगितलं होतं ना?”

“पुढचा होल्ड उघडा.”

“पण मॅडम...”

“उघडा, फारूक.”

पुढचं दार उघडलं. सामान वर सरकवणाऱ्या पट्ट्याच्या गाडीवरून गुडघ्यांवर रांगत मी आत गेले. आत भट्टी होती. टॉर्च लावला. जाळी ताणून बांधलेली होती आणि तिच्यामागे लाकडी पेट्या होत्या. मी बोट लावून मोजल्या. अठरा. शिक्के बघत दुसऱ्यांदा मोजल्या. अठराच. मग मागचा होल्डही उघडायला लावला. तिथे प्रवाशांच्या बॅगा होत्या, कागदावर लिहिल्या होत्या तेवढ्याच.

म्हणजे सगळं बरोबर होतं. पेपरप्रमाणेच होतं.

मघाचे तीन हमाल बाजूला उभे राहून बघत होते. त्यातला वयस्कर म्हणाला, “मागं पंखाची सावली होती मॅडम, म्हणून गाड्या तिथं लावल्या होत्या. पेट्यांना लोखंडाच्या पट्ट्या असत्यात. उन्हात ठेवल्या की हात भाजत्यात.”

“मला आधी का नाही सांगितलंत?” मी उगीचच विचारलं.

“तुम्ही इचारलं कुठं? आला, बघितलं आन् गेला.”

वर जाऊन मी कॅप्टनना सांगितलं, “अठराच्या अठरा पुढे आहेत, सर. तिथे बसलेल्या तीन हमालांनी गाड्या सावलीसाठी मागे लावल्या होत्या. माझी चूक झाली.”

त्यांनी मान हलवली. दिल्लीची नवी वेळ पंचावन्न मिनिटांनंतरची मिळाली होती. ती पंचावन्न मिनिटं आम्ही दोघं त्या छोट्या जागेत शेजारी शेजारी बसून काढली. ते टॅबवर उशिराचा खुलासा लिहीत होते. मी बाहेर बघत होते. पाठीमागे एक तान्हं मूल रडत होतं, ते थांबलं की काळजी वाटायची आणि पुन्हा रडायला लागलं की अपराधी वाटायचं. मी मनातल्या मनात प्रफुल्लला सांगत होते की संपलं. आमची मुलगी मैत्रेयी दहावीला होती. तिची तीन वर्षं मी घराबाहेर काढली होती आणि तिला सांगायला माझ्यापाशी अठरा पेट्या होत्या.

वेळ झाली तेव्हा कॅप्टन म्हणाले, “टेकऑफ तुमचा आहे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “सर?”

“ठरलं होतं तसंच. तुमचा.”

मी तळहात पँटला पुसले. धावपट्टीच्या टोकाशी वळलो. इंजिनांचा आवाज चढला. वेग वाढत गेला आणि ठरल्या आकड्याला मी नाक उचललं. विमान अगदी जितकं जड असायला हवं तितकंच जड लागलं. नाक त्या आकड्याच्या आधीही उठलं नाही, नंतरही नाही. पेट्या पुढेच होत्या.

दिल्लीपर्यंत आम्ही कामापुरतं बोललो. उतरवलंही मीच. चाकं टेकली ते कळलंसुद्धा नाही, आणि अशा दिवशी तसं व्हावं याचा मला राग आला.

प्रवासी उतरले. मघाचे पहिल्या रांगेतले गृहस्थ माझ्याकडे न बघता गेले. सफाईची माणसं आत शिरली. पुढच्या क्रूला यायला वीस मिनिटं होती. कॅप्टननी कॉकपिटचं दार ओढून घेतलं आणि मांडीवर माझा फॉर्म ठेवला. पेन उघडलं नाही.

“आता मला सांगा,” ते म्हणाले. “वीस मिनिटांपूर्वी बघितलेल्या गोष्टीवरून कुणी विमान थांबवत नाही. तुम्ही तर मुळीच नाही. तुम्हाला वाटेतल्या साध्या ढगाला वळसा घालायचा असला तरी चारदा माझ्याकडे बघता. आज काय झालं?”

“फारूक म्हणाला, पेपरप्रमाणेच आहे.”

“मग?”

“तसं मी म्हटलं होतं, सर. एकदा.”

आणि मग मी त्यांना सांगितलं. अकरा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रफुल्ललासुद्धा नाही.

दोन हजार सात साल. नागपूर. सकाळचं विमान. हमालांचे मुकादम देवाजी निनावे. त्यांचा वॉकीटॉकीवर निरोप आला, “मॅडम, पुढचं दार अडकलं हाय. माल मांगं टाकला.” असं झालं की मी विमान थांबवायचं, वजनांची मांडणी नव्याने करायची आणि नवा कागद कॅप्टनला द्यायचा. सहा मिनिटांचं काम. पण माझे साहेब मागे उभे होते. त्या आठवड्यातला तो तिसरा उशीर झाला असता. मी डोक्यात घाईघाईने हिशेब केला, चालेल असं वाटलं, आणि वॉकीटॉकीवर म्हटलं, “ठीक आहे.” कागद जुनाच राहिला. माझं गणित चुकलेलं होतं. आधीपासून मागे असलेल्या बॅगा मी धरल्याच नव्हत्या.

“मग?” कॅप्टननी विचारलं.

“धावपट्टीवर नाक आपोआप उठायला लागलं. कॅप्टनने सगळी ताकद लावून ते दाबून धरलं. नीट गेले, नीट उतरले. कुणाला खरचटलंही नाही. त्यांनी उतरल्यावर तक्रार केली. तीन दिवसांनी चौकशी झाली. मला विचारलं, निनावेंनी तुम्हाला माल मागे टाकल्याचं कळवलं होतं का?”

सफाईवाल्या बाईचा व्हॅक्यूम दारापलीकडे घरघरत होता. तो थांबेपर्यंत मला थांबावं लागलं.

“मी म्हटलं, नाही. मला पेपरप्रमाणेच आहे असं सांगितलं होतं.”

“आणि तो मुकादम?”

“कंत्राटी होते. काढून टाकलं. जाताना ऑफिससमोरून गेले. माझ्याकडे बघितलं, पण बोलले काही नाहीत.”

कॅप्टननी मांडीवरचा फॉर्म उलटा ठेवला. मग म्हणाले, “हे मला कशाला सांगितलंत? तुमचा फॉर्म माझ्या हातात आहे.”

“तुम्ही विचारलंत म्हणून.”

“दुसरं काहीही सांगता आलं असतं.”

“हो.”

त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. ते माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होते आणि त्या क्षणी त्यांना तिथे बसायला नकोसं झालं होतं, हे दिसत होतं.

“नागपूरच्या गोष्टीत मी काही करू शकत नाही,” शेवटी ते म्हणाले. “आजचं बोलतो. तुम्ही थांबवलंत यात माझी काही तक्रार नाही. चुकलात, चालेल. पण गाड्या दिसल्या तेव्हा मागचं दार उघडं होतं. तीन माणसं समोर बसली होती. तेव्हा विचारलं असतंत तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. वर आल्यावर मी तुम्हाला विचारलं, खाली सगळं ठीक? तुम्ही काय म्हणालात?”

“ठीक.”

“ते ठीक नव्हतं. तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. आधीचे लोक लिहितात तुम्हाला शंका फार. मला तसं नाही वाटत. शंका आली की तुम्ही ती दाबून बसता, आणि अगदी सहन होईना की बोलता. तोवर दारं बंद झालेली असतात.” ते माझ्याकडे वळले. “तेव्हाही तसंच झालं ना?”

“तेव्हा तर बोललेच नाही.”

“हं.”

त्यांनी फॉर्म भरला. हात आडवा असल्याने मला काही दिसत नव्हतं. इतका वेळ लागला की मी खिडकीतून खाली सामानाच्या गाड्या मोजायला लागले. मग त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. शेवटच्या चौकटीत खूण होती: अंतिम परीक्षेसाठी पात्र.

मी ती खूण दोनदा वाचली.

“परीक्षेला घोषसर असतील,” ते म्हणाले. “कडक आहेत. त्यांच्यासमोर काही खटकलं तर लगेच बोला. माझ्यासमोर बघितलीत तशी दारं बंद व्हायची वाट बघू नका.” बॅग उचलून ते दारापाशी गेले आणि वळले. “ताई, तो माणूस आता कुठे असतो?”

“माहीत नाही.”

“शोधलं कधी?”

“नाही.”

बाहेर पुढचा क्रू आला होता, त्यांच्याशी हसून हात मिळवत ते निघून गेले.

जूनमध्ये मी परीक्षा पास झाले. पहिल्या महिन्यात मी काही केलं नाही. दुसऱ्या महिन्यात एक पत्र लिहिलं. नागपूरची माझी नेमणूक, ती सकाळ, वॉकीटॉकीवरचा निरोप, माझं उत्तर, चौकशीत मी दिलेला जबाब, तो खोटा होता हे. खाली सही. एक प्रत नागपूरच्या जुन्या कंपनीला पाठवली. तिचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. एक माझ्या नव्या कंपनीला दिली. त्यांनी बोलावून दोन तास विचारपूस केली, मला तीन आठवडे घरी बसवलं, फाइलमध्ये नोंद केली आणि मग उडू दिलं. ते तीन आठवडे प्रफुल्ल रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवायचा आणि वर्तमानपत्र वाचत बसायचा. एकदाच म्हणाला, “मला तरी सांगायचं होतंस.”

तिसरी प्रत घेऊन मी नोव्हेंबरात नागपूरला गेले.

देवाजी निनावे गोळीबार चौकामागच्या एका गल्लीत सापडले. त्यांनी पिठाची चक्की टाकली होती. भुवया, कान, शर्टाची बाही, सगळं पांढरं. मला बघून त्यांनी पट्टा काढला, चक्की थांबली.

“वझलवार मॅडम,” ते म्हणाले. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. “बसा न.”

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. सगळं, सरळ. ते ऐकत होते आणि हाताने जात्याच्या तोंडाशी सांडलेलं पीठ गोळा करत होते.

माझं संपल्यावर म्हणाले, “मले माहीत हाय न ते. मीच तर सांगतलं होतं तुमाले. तुम्ही ठीक हाय म्हणलं होतं.”

“तुम्ही चौकशीत बोलला नाहीत. मला वाटलं...”

“बोललो नाई?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “दोनदा बोललो. मॅडमले सांगतलं होतं म्हणलं. साहेबानं लिहूनच नाई घेतलं. म्हणे मॅडम तर नाई म्हणते. मंग काय करता?”

अकरा वर्षं मी मनाशी धरून होते की ते गप्प राहिले. जाताना त्यांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत, एवढंच मला आठवत होतं. ते आधीच बोलून झालेले होते.

“मी सगळं लिहून दिलंय,” मी म्हटलं. पत्र पुढे केलं. “कंपनीला पाठवलंय. ही तुमची प्रत.”

त्यांनी पिठाचे हात बघितले आणि पत्र घेतलं नाही. “कंपनीले पाठून काय होते आता? मी काय पुन्हा मुकादम होतो?”

“नाही.”

“मंग?”

दळण घेऊन आलेली एक बाई दारात थांबली होती, तिला त्यांनी हातानेच नंतर यायला सांगितलं. मग ते आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघत म्हणाले, “तुम्ही इथं आल्या तं एक काम करा. आत चला.”

आत त्यांची बायको मेथी निवडत बसली होती. केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी कोण, ते त्यांनी सांगितलं. तिचे हात थांबले.

“हिले वाचून दाखवा,” निनावे म्हणाले. “मी हिले लय खेपा सांगतलं. पण हिच्या भावानं, समोरच रायतेत ते, लावून देल्ली होती न ते नोकरी. त्याइनं हिले सांगतलं, तुह्या नवऱ्यानंच घोळ केला, लोकाइचा जीव जात होता. आतापावतर हिले वाटते का चूक माहीच होती.”

“मी कधी म्हणलं तसं?” ती पुटपुटली.

“म्हणलं नाई. वाटते.”

मी खाली सतरंजीवर बसले आणि वाचलं. पत्र सव्वा पानाचं होतं. ‘निनावे यांनी मला वेळेवर आणि स्पष्टपणे कळवले होते’ या वाक्यापाशी तिने चष्मा काढला. मी पुढे वाचत राहिले, सहीपर्यंत.

ती नवऱ्याकडे बघत होती. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, पिठाने पांढरे, आणि जमिनीकडे बघत होते. ती उठली, मला वाटलं त्यांच्यापाशी जाईल. पण ती त्यांच्या बाजूने निघून सरळ गल्लीत गेली, आणि समोरच्या घराकडे तोंड करून तिने मोठ्याने हाक मारली.

“दादा! ओ दादा, इकडं या! वहिनीलेई घेऊन या!”

मग आत येऊन ती माझ्यासमोर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “थांबा जरा. ते आले का पयल्यापासून वाचा. असंच, मोठ्यानं.”